ओळख आणि बयाणा

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे दिवाळी सरली की एक प्रश्न आणि एक उत्तर हमखास ऐकू येतं. "कुठं निघालात?" "जगायला." भिवंडीच्या, वसईच्या वीटभट्टीवर निघालेला माणूस 'कामाला चाललो' असं म्हणत नाही, 'जगायला चाललो' म्हणतो. नागली, वरई आणि भात घरात येतं, ते काही महिने पुरतं. मग डोक्यावर भांडी, काखेत मूल, हातात कोंबडी घेऊन अख्खं घर ट्रकमध्ये चढतं. होळीला जमलं तर परत येतं, नाहीतर पावसाच्या तोंडावर.

माझे अब्बा शिंपी होते. बाजाराच्या दिवशी वावर-वांगणीपासून मोखाड्यापर्यंतची माणसं त्यांच्या मशीनपाशी टेकायची. दिवाळीनंतर नवं शिवायला कुणी यायचं नाही. फाटके सदरे आणि उसवलेल्या गोधड्या यायच्या, कारण भट्टीवर थंडी कडाक्याची. ते दिवस म्हणजे आमच्या दुकानातला बातम्यांचा हंगाम. कुठला मुकादम आला, कोणी किती बयाणा घेतला, कोणाची मजुरी बुडाली, सगळं तिथं कळायचं. नोकरीच्या बातम्यांचा बाजार मी पहिल्यांदा पाहिला तो तिथं.

आज हे सगळं आठवायचं कारण वावरकडचा एक तरुण. गेल्या काही वर्षांतली गोष्ट. मुलगा बी.ए. झालेला, माझ्यासारखाच. एका संध्याकाळी मोबाईल घेऊन आला. "चाचा, लिंक्डइनवर नाव घातलंय. कॉलेजातले सर म्हणाले, यानं नोकरी लवकर लागते. जरा बघा ना." मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण शब्दांचं काम माझं. मी वाचलं. नाव, गाव, शिक्षण होतं. 'अनुभव' या रकान्यात काहीच नव्हतं.

"अरे, तू तर चार हंगाम भट्टीवर होतास ना? तिथं काय करायचास?"

"गाड्या भरून द्यायचो. विटांचा हिशेब शेटच्या वहीत मीच लिहायचो."

"मग ते लिही की!"

"चाचा, ती काय नोकरी आहे? ते जगणं झालं."

त्याच आठवड्यात त्याच्या घरी मुकादम येऊन बसला होता. बापाचं आजारपण, दुकानदाराची उधारी. मुकादम रोख बयाणा द्यायला तयार होता, पोरगाही आला तर जास्त. मोबाईलवरून नोकरी कधी येणार, येणार की नाही, कोणी सांगावं? मुकादमाची नोकरी त्याच रात्री हजर होती. म्हणून वाटतं, नोकरी किती लवकर मिळते एवढंच विचारून भागत नाही. ती कोणाच्या ओळखीनं आणि कोणत्या अटीवर मिळते, हेही विचारावं लागतं. आमच्या भागाचा इतिहास हेच सांगतो.

जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान, १९४८ साली ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं. शेजारच्या ब्रिटिश मुलखात, ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात, 'लग्नगडी' नावाची चाल होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. फिटायचं मात्र नाही. नवऱ्याबरोबर बायकोही राबायची. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सायमिंग्टन या अधिकाऱ्यानं जो अहवाल लिहिला, त्यात या वेठीची नोंद आहे. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीला नकार देण्याची हिंमत उभी राहिली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. आता लग्नगड्याकडे जरा वेगळ्या बाजूनं बघा. कामाला त्याला तोटा नव्हता. त्याला नव्हता तो दुसरा मालक. अख्ख्या जगात त्याची कामापुरती ओळख एकाच माणसाशी, आणि तोच सावकार.

हे फक्त जंगलातच होतं असंही नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार भरती करायचा तो जॉबर. तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले गडी आणायचा, खोलीची सोय बघायचा, अडीनडीला कर्ज द्यायचा. कामावर घ्यायला आणि टिकवायला दस्तुरीही घ्यायचा. १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालात त्याच्यावर कडक टीका आहे. त्याचा हात सैल व्हावा म्हणून १९३५ साली मुंबईत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली. त्याच मुंबईत गोव्याच्या खलाशांच्या 'कुडी' होत्या. गावाच्या नावानं चालणाऱ्या या बिऱ्हाडांत बोटीची वाट बघणारा माणूस उतरायचा आणि कोणत्या जहाजावर जागा आहे हे त्याला तिथंच कळायचं. जॉबरची चाळ काय, गोवेकरांची कूड काय, दोन्ही ठिकाणी ओळखीवरच काम मिळत होतं. पण कुडीत बातमी अनेकांच्या तोंडून यायची, जॉबरकडे एकाच्याच.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं ओळखीशिवाय काम मिळावं असे प्रयत्न केले. १९५९ च्या कायद्यानं, २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्यात असं ठरलं. तिथूनच माणूस घ्या, ही सक्ती मात्र नव्हती. बी.ए. झाल्यावर मीही एका कचेरीत नाव नोंदवून कार्ड जपून ठेवलं होतं. नोकरी लागली ती अब्बांच्या एका गिऱ्हाइकाच्या मेहुण्यामुळे. त्यांना मी त्याआधी एकदाच भेटलो होतो.

१९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी आणि तिच्यामागचं कर्ज रद्द ठरलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशानंही तसा कायदा केला. मला यातली थोर गोष्ट वाटते ती ही, की काम मागणाऱ्याला 'तू कोणाचा?' असं विचारायचं नाही. तरीही १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. हमीची मजुरी हातात पडायला उशीर झाला की भुकेचं घर पुन्हा मुकादमाकडे वळतं. तो कामाच्या आधी पैसे देतो, हेच त्याचं बळ.

आता जरा दूरची गोष्ट. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या गावात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्यानं विचारलं, हा ओळखीचा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वारंवार भेटणारे निघाले शंभरात सुमारे १७. अधूनमधून भेटणारे ५६ आणि क्वचित भेटणारे २८. म्हणजे नोकरीची बातमी जिवलगापेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते. कारण सोपं आहे. जिवलगाला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. २००३ साली सुरू झालेल्या लिंक्डइनवरच्या सुमारे दोन कोटी माणसांची पाच वर्षांची माहिती तपासून केलेला अभ्यास २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यातही फार घट्ट नाही आणि अगदीच विरळ नाही, अशा ओळखी नोकरीसाठी जास्त उपयोगी दिसल्या.

हे वाचलं आणि मला अब्बांचं दुकान आठवलं. पाड्यावर सगळे एकमेकांचे सख्खे, जीव देणारे. पण सगळ्यांना ठाऊक असलेला मुकादम एकच. पाड्याची माया कमी नव्हती, पाड्याबाहेरची ओळख कमी होती.

म्हणून त्या रात्री आम्ही दोघांनी तो रिकामा रकाना भरला. 'वीटभट्टीवर चार हंगाम मालाची मोजणी, गाड्यांची नोंद, मजुरांचा हिशेब.' खोटा एक शब्द नाही. मग त्याच्या कॉलेजातून आधी बाहेर पडलेली, आता भिवंडीच्या गोदामांत असलेली माणसं शोधली. त्यांना 'नोकरी द्या' असं लिहिलं नाही. 'तुमच्याकडे हे काम कसं चालतं, काय शिकावं लागतं?' असं विचारलं. त्यालाच मध्ये एक निरोप आला, नोकरी पक्की, आधी अनामत भरा. मी म्हटलं, "बाळा, मुकादम निदान पैसे देऊन बांधतो. हा तर आपल्याच पैशानं बुडवणार. सोड."

शेवट गोड करून सांगत नाही. बापानं बयाणा घेतलाच, पण नवरा-बायको दोघांपुरता. पोराला मागे ठेवलं. तो हंगाम आईनं पोराच्या वाटच्या विटाही थापल्या. होळीच्या सुमारास एका ओळखीच्या ओळखीतून निरोप आला आणि त्याला गोदामात नोंदणी कारकुनाची जागा मिळाली. मुकादमाची नोकरी एका रात्रीत आली होती, हिला साडेतीन महिने लागले. पण ही नको झाली तर सोडता येते.

परवा तो भेटला. म्हणाला, "चाचा, पाड्यावरची आणखी दोन पोरं विचारतायत. त्यांचं लिहायला बसायचंय." मी विचारलं, "कधी?" म्हणाला, "दिवाळीच्या आधी. मुकादम यायच्या आत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)