शेवटच्या मुक्कामाचें अतिथिगृह

महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेंत आपल्या मंदिराच्या पायाचा, घंटेचा व वेदीचा वृत्तांत वाचकांस इतरत्र मिळेलच. आम्ही येथें निराळ्याच एका वास्तूचा इतिहास सांगूं इच्छितों. 'आतां उपाय उरला नाहीं, ह्यांस घरीं न्या,' हें वैद्याचें वाक्य ज्या घरानें कधींच ऐकलें नाहीं, असें घर ह्या धर्मग्रामांत क्वचितच असेल. माणसें रुग्णाला घेऊन परततात; परंतु पुढील दिवस कसे काढावयाचे हें त्यांस कोणीच सांगितलेलें नसतें. रात्रभर कण्हणें ऐकत बसावें, कीं घर गहाण टाकून नव्या इस्पितळाचें दार ठोठावावें? अशा वेळीं कोणी 'हॉस्पिस' हा शब्द काढला तर वडील मंडळी दचकतात. 'आईला आम्ही असें टाकून द्यावें काय?' असें ती विचारतात. ह्या प्रश्नाचें उत्तर त्या संस्थेच्या इतिहासांतच आहे, असें आम्हांस वाटतें.

लॅटिन भाषेंत 'होस्पेस' ह्या शब्दाचे अर्थ दोन: पाहुणा हाहि होस्पेस, आणि यजमान हाहि होस्पेस. त्यावरून मध्ययुगांत यात्रेकरूंस व दीनांस आसरा देणाऱ्या घरांस हॉस्पिस हें नांव पडलें. पुढें फ्रान्समधील लिऑन शहरांत झान गार्निये नांवाची एक विधवा होती. तिचा पति व दोन्ही मुलें अल्पकाळांत निवर्तलीं. त्या दुःखांतून उठून तिनें १८४२ सालीं आपल्यासारख्याच विधवांचा 'कालवारीच्या स्त्रिया' हा संघ स्थापिला, आणि असाध्य रोगानें पिडलेल्या स्त्रियांची शुश्रूषा आरंभिली. मरणोन्मुखांच्या सेवेस हॉस्पिस हें नांव तेथूनच चिकटलें, असें मानितात.

त्याच शतकांत आयर्लंडांत मेरी ऐकनहेड यांनीं १८१५ सालीं 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' हा धर्मभगिनींचा संघ उभारिला होता. स्वतः त्या दीर्घकाळ आजारी असत. डब्लिनमधील हॅरल्ड्स क्रॉस येथील ज्या मठांत १८५८ सालीं त्यांनीं देह ठेविला, त्याच वास्तूंत त्यांच्या भगिनींनीं १८७९ सालीं मरणोन्मुखांसाठीं आश्रम उघडिला. पुढें १९०५ सालीं ह्याच भगिनींनीं लंडनच्या हॅकनी भागांत सेंट जोसेफ्स हॉस्पिस सुरू केलें.

येथवर प्रीति होती. तिला शास्त्राची जोड मिळाली ती सिसिली सॉण्डर्स ह्या अँग्लिकन बाईंमुळें. त्या प्रथम परिचारिका होत्या, मग इस्पितळांतील समाजसेविका झाल्या. तेथें वॉर्सा शहरांतून आलेला डेव्हिड तास्मा हा ज्यू निर्वासित कर्करोगानें अंथरुणास खिळला होता. वेदना शमून मनुष्यानें शांतपणें मरावें असें घर कोठें तरी असावें, ह्याविषयीं दोघांचें बोलणें होई. १९४८ सालीं तो वारला, तेव्हां आपल्या जवळचे ५०० पौंड त्यानें बाईंस ठेविले. तुमच्या घरांत मी एक खिडकी होईन, असा त्याचा भाव होता. बाईंनीं वैद्यकाचा अभ्यास केला, १९५७ सालीं त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढील वर्षापासून सेंट जोसेफ्समध्यें काम करूं लागल्या. वेदना उसळण्याची वाट न पाहतां ठराविक तासांनीं तोंडावाटें मॉर्फिन द्यावें, म्हणजे रुग्ण शुद्धीवर राहून घरच्यांशीं बोलूं शकतो, हें त्यांनीं शेंकडों रुग्णांच्या निरीक्षणानें दाखविलें. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराच्या काळजीची व आत्म्याचीहि असते, हाहि त्यांचाच सिद्धांत. १९६७ सालीं लंडनमध्यें त्यांचें सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलें. २००५ सालीं त्यांनीं स्वतः तेथेंच प्राण सोडला.

आमच्या भूमींत हें कार्य १९८६ सालीं आलें. वांद्र्यास माउंट मेरीच्या टेकडीवर डॉ. लुईस जोझे डिसोझा यांच्या पुढाकारानें 'शांति अवेदना' हा कर्करुग्णांचा आश्रम उघडला. जत्रेच्या दिवसांत मेणाचे हातपाय घेऊन लोक त्या टेकडीवर आरोग्य मागावयास जातात. ज्यांस आरोग्य मिळणार नाहीं, त्यांच्यासाठींहि त्याच टेकडीवर जागा झाली. पुढें केरळांत कोझिकोड येथें १९९३ पासून व पुण्यांत वारजे येथें १९९७ पासून अशीच सेवा चालूं झाली. कोझिकोडच्या मंडळीनें तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस शिकवून ती घरोघर नेली. आश्रमांत खाट मिळणें म्हणजेच हॉस्पिस, असें मुळींच नाहीं.

आतां दोन भीतींविषयीं. पहिली मॉर्फिनची. १९८५ सालच्या मादक द्रव्यांच्या कायद्यानें परवाने इतके कडक झाले कीं, हें औषध रुग्णालयांतून जवळजवळ दिसेनासें झालें. २०१४ सालीं दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. जाणत्या वैद्यानें योग्य मात्रेनें दिलेलें मॉर्फिन मरण ओढून आणीत नाहीं. तें घेणें पाप नव्हे, हें परमगुरु बारावे पायस यांनीं २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं भूल देणाऱ्या वैद्यांपुढें स्पष्ट केलें: हेतु वेदना शमविण्याचा असावा, जीव घेण्याचा नसावा. वेदना सोसलीच पाहिजे असा दंडक ख्रिस्तसभेनें कोणावर घातलेला नाहीं.

दुसरी भीति 'आतांच कशाला?' ही. धर्मगुरूंस तैलाभ्यंगासाठीं बोलावितांना आपण हीच चूक करितों. हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नव्हे, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं सांगितलें. तरीहि रुग्णाची वाचा गेल्यावरच आपण निरोप धाडतों. मग कबुली राहते, क्षमा मागणें राहतें, धाकट्याला जवळ घेणें राहतें. हॉस्पिसचेंहि तसेंच आहे. तें शेवटच्या दोन दिवसांसाठीं नाहीं. दुखणें बरें होणारें नाहीं असें कळतांच वैद्यास विचारावें: वेदना कशी आवरेल, रात्रीं श्वास लागला तर कोणास बोलवावें, आणि रुग्णास स्वतःस कोठें राहावयाचें आहे?

टाकून देणें म्हणजे काय, तें आतां वाचकांनींच ठरवावें. उपाय संपला म्हणून रुग्णाला वेदनेच्या स्वाधीन करणें हें टाकणें. त्याला पाहुण्याच्या मानानें ठेवून घेणें हें टाकणें नव्हे. महोत्सवानिमित्त एका मागण्याची आम्हांस परवानगी असावी. धर्मग्रामाच्या प्रत्येक वाड्यांत अशा घरीं आठवड्यांतून एक रात्र जागावयास जाणारीं चार माणसें निघावीं, म्हणजे त्या घरच्या माउलीला एक रात्र तरी डोळा लागेल.