सव्वीस दिवसांची डेडलाइन आणि ॲना

आजची गोष्ट एका डेडलाइनपासून सुरू होते.

1866 चा ऑक्टोबर, सेंट पीटर्सबर्ग. फ्योदोर दस्तयेवस्की 44 वर्षांचा, गळ्यापर्यंत कर्जात. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी त्याने करार केलेला: 1 नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी द्यायची. मुदत चुकली, तर पुढची नऊ वर्षं त्याची पुस्तकं प्रकाशक फुकटात छापणार. आणि कादंबरीची एक ओळही तयार नाही! सगळा वेळ ‘क्राइम अँड पनिशमेंट’चे हप्ते लिहिण्यात चाललेला.

शेवटी मित्रांच्या सांगण्यावरून त्याने शॉर्टहँड येणाऱ्या माणसाचा शोध घेतला. आली वीस वर्षांची ॲना. दुपारी तो बोलायचा, ती लिहून घ्यायची. घरी जाऊन रात्री त्याची स्वच्छ प्रत काढायची. 26 दिवसांत ‘द गॅम्बलर’ पूर्ण! आता गंमत बघा. द्यायला गेले तर प्रकाशक गावातच नाही. पण वकिलाचा सल्ला आधीच घेऊन ठेवला होता. हस्तलिखित पोलीस चौकीत जमा केलं आणि पावती घेतली.

पुढच्या फेब्रुवारीत दोघांचं लग्न झालं. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात, पण ॲनाचं खरं काम इथून पुढे आहे.

लग्नानंतर दोघं परदेशी गेली ती चार वर्षांसाठी. दस्तयेवस्कीला जुगाराचं व्यसन होतं. तिचे कानातले, ब्रोच, लग्नाच्या अंगठ्या, सगळं गहाण पडलं. पहिली मुलगी सोन्या 1868 मध्ये जिनिव्हात तीन महिन्यांची होऊन गेली. हे सगळं सोसताना ॲना शॉर्टहँडमध्ये डायरी लिहीत होती. नवऱ्याला ती वाचताच येत नव्हती! घरात तिची स्वतःची अशी बहुधा तेवढीच एक जागा.

1871 मध्ये परत आल्यावर देणेकरी दारात. एकाने धमकी दिली, नवऱ्याला तुरुंगात टाकतो. ॲना शांतपणे म्हणाली, खुशाल टाका. घर माझ्या नावावर आहे, फर्निचर हप्त्यांवर घेतलंय, तुमच्या हाती काहीच लागणार नाही. वर तुरुंगातल्या त्याच्या जेवणाचा खर्च तुम्हालाच द्यावा लागेल. कायदाच तसा होता. देणेकरी गुपचूप हप्त्यांवर तयार झाला.

मग 1873 मध्ये तिने ठरवलं, प्रकाशक हवाच कशाला? कागद कुठून घ्यायचा, छपाईला किती पडतात, दुकानदाराला किती टक्के सूट द्यायची, सगळी चौकशी करून ‘डेमन्स’च्या 3500 प्रती घरूनच काढल्या. पुस्तक विकलं गेलं. पुढची पुस्तकंही तिनेच काढली. जुनी कर्जं मात्र फिटली ती दस्तयेवस्कीच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी.

‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ त्याने तिलाच अर्पण केली. 1881 मध्ये तो गेला तेव्हा ॲना 34 वर्षांची होती. तिने पुन्हा लग्न केलं नाही. त्याचं समग्र साहित्य छापलं, कागदपत्रं जपली. हो, त्याच्या पत्रांमधल्या न आवडलेल्या ओळी खोडल्यासुद्धा! म्हणजे आपल्याला माहीत असलेला दस्तयेवस्की थोडासा तिनेही संपादित केलेला आहे.

आपण तिला ‘प्रेरणा’ म्हणून मोकळे होतो. मला तो शब्द खटकतो. प्रेरणा हिशेब ठेवत नाही, देणेकऱ्याशी भांडत नाही, रात्री जागून प्रत काढत नाही. हे काम आहे. आणि कामाला कामच म्हणायला हवं.

ॲना 1918 मध्ये याल्टात वारली, नवऱ्यापासून खूप दूर. तिचे अवशेष त्याच्या शेजारी आले ते थेट 1968 मध्ये, पन्नास वर्षांनी.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी कुणी ॲना असेल, तर आज तिला एकदा विचारा, तू नक्की काय काय करतेस? उत्तर पूर्ण ऐका. भेटू पुढच्या भागात!