लीव्ह लोडिंग : वेतनप्रणालीतील मांडणी

ऑस्ट्रेलियात कर्मचारी वार्षिक रजेवर असताना त्याच्या मूळ पगारावर जी जादा रक्कम, बहुधा १७.५ टक्के, दिली जाते, तिला लीव्ह लोडिंग म्हणतात. एरवी ओव्हरटाइम, पाळीभत्ता आणि शनिवार-रविवारचे वाढीव दर यांनी फुगलेला पगार रजेच्या काळात नुसत्या मूळ दरावर उतरतो आणि सुटी घेणारा तोट्यात जातो, ही या तरतुदीमागची भूमिका असून १९७० च्या दशकात ती तेथे रुजली. भारतातील विचार नेमका उलटा होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने रजावेतनाच्या हिशेबातून ओव्हरटाइम आणि बोनस वगळलेच होते.

ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या फेअर वर्क कायद्याने वर्षाला ४ आठवड्यांची, काही पाळी-कामगारांना ५ आठवड्यांची, पगारी रजा दिली असली, तरी लोडिंगचा हक्क त्या कायद्याच्या किमान मानकांत नाही. तो उद्योगनिहाय वेतन व सेवाशर्ती ठरवणाऱ्या ‘अवॉर्ड’ नावाच्या आदेशांतून, सामूहिक करारातून किंवा नेमणुकीच्या करारातून येतो. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी कोणत्या कर्मचाऱ्याला कोणता अवॉर्ड लागू आहे हे ठरवावे लागते. कॅज्युअल, म्हणजे निश्चित कामाची हमी नसलेल्या, कामगारांना पगारी वार्षिक रजाच नसते. त्यांना मिळणारे, बहुधा २५ टक्क्यांचे, कॅज्युअल लोडिंग हा वेगळा प्रकार असून नावाच्या सारखेपणामुळे दोहोंची गल्लत होते.

मांडणी दोन प्रकारे होते. काही प्रणालींत रजेच्या वेतनबाबीलाच लोडिंगचा दर जोडता येतो. इतरांत ‘लीव्ह लोडिंग’ अशी स्वतंत्र वेतनबाब तयार करून तिला मूळ तासदराच्या ०.१७५ पट हा गुणक द्यावा लागतो. चूक बहुतेक वेळा इथेच होते. तासाला ३० डॉलर मिळवणाऱ्याने ३८ तासांची, म्हणजे पूर्ण आठवड्याची, रजा घेतली तर रजावेतन १,१४० डॉलर, लोडिंग १९९.५० डॉलर आणि एकूण १,३३९.५० डॉलर होते. पण स्वतंत्र बाबीला ०.१७५ ऐवजी १.१७५ असा गुणक दिला गेला, तर रजावेतन दोनदा धरले जाऊन रक्कम २,४७९.५० डॉलरवर जाते. त्याहून फसवा भाग तासांचा आहे. रजेचे तास नेहमीच्या कामाच्या तासांतून आपोआप वजा करण्याची सोय प्रणालीत असते आणि ती रजेच्या बाबीला लागू हवी, लोडिंगच्या बाबीला नव्हे. दोन्हींकडे ती चालू राहिली, तर त्याच ३८ तासांची दोनदा वजावट होऊन पंधरवड्याच्या पगारातील उरलेल्या आठवड्याची मजुरीही गायब होते. रजेची शिल्लकही एकदाच घटली पाहिजे. थोडक्यात, पैसे दोन ओळींत दिसावेत, तास एकाच ओळीत मोजले जावेत.

पाळी-कामगारांबाबत अनेक अवॉर्ड १७.५ टक्के आणि पाळीचे वाढीव दर यांपैकी जे जास्त ते द्यायला सांगतात. ठरावीक टक्का भरून ठेवलेली बाब ही तुलना करत नाही, त्यामुळे ते काम वेतन-लिपिकावर येते.

निवृत्तिनिधीची, म्हणजे तेथील ‘सुपर’ची, वर्गणी जुलै २०२५ पासून १२ टक्के असून लोडिंगवर ती सर्वसाधारणपणे लागू होते, मात्र लोडिंग केवळ बुडालेल्या ओव्हरटाइमची भरपाई आहे हे करारातून किंवा अन्य पुराव्यातून दाखवता आले, तर लागत नाही. वेतनबाब तयार करतानाच हा पर्याय निवडावा लागतो, कारण करखात्याकडे दर पगाराला जाणाऱ्या अहवालातील वर्गवारीही त्यावर अवलंबून असते.

नोकरी सुटताना न घेतलेल्या रजेचा मोबदला, ती रजा घेतली असती तर मिळाला असता तेवढाच द्यावा, असे कायद्याचे कलम ९० सांगते, म्हणून रजेवर लोडिंग देय असणाऱ्याला अंतिम हिशेबातही ते द्यावे लागते. परंतु शिल्लक रजेसाठी प्रणालीत सहसा वेगळी वेतनबाब असल्याने नेहमीच्या रजेला जोडलेला दर तिथे आपोआप लागेलच असे नाही.