दिनविशेष : ३ फेब्रुवारी

१८३२ : ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करणारे रामोशी नेते उमाजी नाईक यांना पुण्यात फाशी. खडकमाळ आळीतील मामलेदार कचेरीच्या आवारात शिक्षेची अंमलबजावणी झाली. मृतदेह तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवला होता, असे सांगतात.

कंपनी सरकारच्या दप्तरी ते दरोडेखोर. पण याच सरकारने काही काळ त्यांचे गुन्हे माफ करून त्यांना पगार सुरू केला होता आणि डोंगराळ भागाचा बंदोबस्त त्यांच्याकडे सोपवला होता! पुढे उमाजींनी स्वतःला राजा म्हणवून घेतले. शेतसारा कंपनीला नव्हे, आपल्याला द्या, असे गावोगाव बजावले. वाटमारी करणारा वाट अडवतो. सारा मागणारा राज्यावर हक्क सांगतो. इंग्रज बिथरले ते या दुसऱ्या गोष्टीने.

उमाजींचे पहिले चरित्र त्यांच्या पाठलागावरच्या कॅप्टन मॅकिंटॉशनेच लिहिले, ते १८३३मध्ये छापले गेले. म्हणजे जे कळते त्यातले बरेचसे शत्रूच्या लेखणीतून. ते वाचताना एवढे भान ठेवावेच लागते. कपाळीचा गुन्हेगारीचा शिक्का मात्र नाईकांबरोबर संपला नाही, सगळ्या जमातीला चिकटला. रामोशी समाज आजही महाराष्ट्राच्या विमुक्त, म्हणजे एकेकाळी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या, जातींच्या यादीत आहे.