जांभळ्या उजेडाची तार

कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रात ‘ईएसपी’ म्हटलं की फोड करून सांगावी लागत नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, म्हणजे बॉयलर आणि चिमणी यांच्या मधली, धुरातली राख पकडणारी ती अवाढव्य पेटी. आत तारा आणि पत्रे टांगलेले. तारेच्या उच्च दाबाच्या विजेने राखेचे कण भारित होतात, पत्र्याला चिकटतात, हातोडे पडले की थर सुटून खाली हॉपरमध्ये येतो. जन्म मात्र तिचा कोळशाच्या राखेपायी झाला नाही, गंधकाम्लाच्या धुक्यापायी झाला.

बरणीत कोंडलेला धूर विजेने निवळतो, हे लाइपझिगच्या होहलफेल्ड यांनी १८२४ मध्येच दाखवलं होतं. १८८५ च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या सल्ल्याने वेल्समधल्या बॅगिल्टच्या शिसे कारखान्यात ते करून पाहिलं, पण फसलं. विम्सहर्स्ट यंत्राची स्थिर वीज तुटपुंजी पडली आणि शिशाचा धूर अतिशय बारीक निघाला.

वीस वर्षांनी कॅलिफोर्नियात बर्कलेचे प्राध्यापक फ्रेडरिक कॉट्रेल यांनी गंधकाम्लाचं धुकं पकडण्यासाठी ते पुन्हा हाती घेतलं. आता ट्रान्सफॉर्मर होता, विजेचा तुटवडा नव्हता. अडचण होती ती टोकांची. ओळीने लावलेल्या अणकुचीदार टोकांतून वीज सारखी झिरपेना. एखादंच टोक उजळायचं. एका संध्याकाळी, अंधारून येताना, त्यांचं लक्ष टोकांकडे वीज नेणाऱ्या तारेकडे गेलं. तिच्यावर सुताचं वेष्टण होतं आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी जांभळी उजळली होती. सुताची कुसं! सुतातल्या नैसर्गिक ओलाव्यामुळे प्रत्येक कूस म्हणजे एकेक सूक्ष्म अणकुची. कित्येकांनी ती तार पाहून न पाहिल्यासारखी केली असती. मला या साऱ्या कथेत तीच संध्याकाळ सर्वांत मोलाची वाटते.

१९०८ मध्ये पेटंट मिळालं. सेल्बीच्या धातू कारखान्याला शेजारच्या शेतकऱ्यांनी कोर्टात खेचलं होतं. तिथे हे यंत्र बसलं. मग रिव्हरसाइडचा सिमेंट कारखाना, जिथली धूळ संत्र्यांच्या बागांवर बसत असे. पेटंटचा पैसा कॉट्रेल यांनी स्वतःकडे ठेवला नाही. त्यातून १९१२ मध्ये संशोधनाला पैसा पुरवणारी रिसर्च कॉर्पोरेशन उभी राहिली आणि पुढे भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉन या कण-त्वरकालाही तिची मदत झाली.

आपल्या कोळशात राख भरपूर, गंधक कमी. अशा राखेतून वीज सहज वाहत नाही, त्यामुळे पेटीचं काम अवघड होतं. म्हणून अशा कोळशावरच्या काही केंद्रांत धुरात किंचित सल्फर ट्रायऑक्साइड मुद्दाम सोडतात. धुरातल्या पाण्याशी त्याचं गंधकाम्ल होतं, त्याचा पातळ लेप कणांवर चढतो आणि मग राख पत्र्यावर धरते.