गवती चहा : ठोंबातून घरोघरी

नाशिक : आधणात आल्यासोबत पडणारा गवती चहा हा चहाच्या कुळातील नव्हे, ते गवतच. त्यास फुलोरा क्वचितच येतो. त्यामुळे लागवड बियांऐवजी ठोंब फोडून होते. शेजारणीने दिलेल्या ठोंबावर अंगणात बेट उभे राहते, ते यामुळेच.

रशियातील घरगुती ‘इव्हान चहा’ अधिक कष्टाचा. फायरवीड या रानझाडाची पाने चुरगळून, आंबवून मग वाळवतात. १९व्या शतकात चिनी चहात त्याची भेसळही होत असे.

गवती चहाला आंबवणे लागत नाही. ‘सिट्रल’ या घटकामुळे लिंबासारखा गंध असतोच. पाती धुऊन, बोटभर तुकडे करून सावलीत वाळवावीत. कडक उन्हात सुगंधी तेल उडते व नुसते गवत उरते. कॅफीन नसल्याने नुसता काढा रात्रीही चालतो. चहापूड पडली की ही सवलत संपते.