गाईडचा इतिहास आणि आपले विद्यार्थी

परीक्षेचे दिवस जवळ आले की पेण आणि रोह्याच्या पुस्तकांच्या दुकानांत विद्यार्थ्यांची गर्दी होते. पाठ्यपुस्तक मागणारे थोडे आणि गाईड किंवा अपेक्षित प्रश्नसंच मागणारे फार, असे चित्र तेथे दिसते. शिक्षक सांगतात, गाईडच्या नादी लागू नका. मुलगा मनात म्हणतो, मग अडलेले विचारू कोणाला? वडील जहाजावर किंवा आखातात नोकरीला, आईचे शिक्षण चार-सहा इयत्तांचे, शाळा उर्दू माध्यमाची आणि कॉलेजात व्याख्यान इंग्रजी-मराठीतून, अशी आपल्या अनेक घरांची परिस्थिती आहे. म्हणून या प्रश्नाकडे केवळ उपदेशाच्या दृष्टीने न पाहता थोडे इतिहासाच्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. आरंभी हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. अभ्यासक्रम नेमणे, परीक्षा घेणे आणि पदवी देणे एवढेच त्याचे काम होते. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मूठभर विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढे उमेदवारांची संख्या वाढत गेली. शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, नेमलेली पुस्तके परक्या भाषेत, आणि निकालावर सरकारी नोकरी अवलंबून, अशा स्थितीत जुन्या प्रश्नपत्रिका चाळून पुढचे प्रश्न हेरणे, ‘नोट्स’ उतरून घेणे आणि ‘की’ विकत घेणे हे ओघानेच आले. गाईडचा जन्म विद्यार्थ्याच्या आळसातून झाला असे म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. परीक्षेच्या रचनेनेच त्याला जन्म दिला.

हा दोष जाणत्यांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने, आपल्याकडे शिक्षण हे परीक्षेचे दास झाले आहे, अशी तक्रार नोंदविली. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर, एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षापद्धतीची असेल, असा अभिप्राय दिला. तरीही गाईडांची संख्या वाढतच गेली.

आपला समाज या नव्या शिक्षणाकडे उशिरा वळला. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्ये झाली आणि तिची शाळा १८८० मध्ये सुरू झाली. बद्रुद्दीन तय्यबजींबरोबर कोकणी मुसलमानांचे पुढारी मुहंमद अली रोगे हेही या कार्यात अग्रभागी होते. १८८२ च्या हंटर आयोगाला मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करावा लागला, यावरूनच मागासलेपणाची कल्पना यावी. ज्या घरात आजोबा वकील आणि वडील शिक्षक, तेथील मुलाला अडलेले विचारायला घरातच माणूस असतो. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजात जात आहे, तेथे गाईड हाच घरातला शिकलेला माणूस होतो. म्हणून गाईड हाती दिसले की मुलाला रागावणे योग्य नाही. त्याचा उपयोग तो कसा करतो, हे मात्र पाहिले पाहिजे.

मूळ ग्रंथ आणि त्याला साहाय्य करणारा ग्रंथ हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. मदरशांतून मूळ ग्रंथाला ‘मतन’, त्यावरील विवरणाला ‘शरह’ आणि समासातील टिपांना ‘हाशिया’ म्हणत. शरह वाचायची ती मतन समजण्यासाठी, असा दंडक होता. मतनाचे संक्षेपही फार झाले आणि त्यांचे दुष्परिणाम एका थोर मुसलमान इतिहासकारानेच दाखवून दिले. १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये आपला ‘मुकद्दमा’ लिहिला. त्यातील एका प्रकरणात, शास्त्रांचे अतिसंक्षिप्त ग्रंथ अध्यापनाला बाधक ठरतात, असे त्याने मांडले आहे. त्याचे कारण असे की, विद्यार्थ्याची तयारी होण्यापूर्वीच शेवटचे निष्कर्ष त्याच्यापुढे टाकले जातात. तो शब्दांशी झगडत बसतो आणि विषय मुरत नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या गाईडलाही तंतोतंत लागू पडतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळ नाते येथे चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचे घर रोह्याचे. १९१२ मध्ये देशमुख मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतीशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि रसायनशास्त्र हे विषय घेतले आणि १९१८ मध्ये आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. संस्कृतचा विद्यार्थी वनस्पतीशास्त्रात चमकतो आणि पुढे देशाचे अर्थकारण सांभाळतो, हे पाठ केलेल्या उत्तरांच्या बळावर होत नाही.

विनोबांची वाट उलटी होती. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. आपल्या मुलांनी परीक्षा सोडावी असा याचा अर्थ मुळीच नाही. परीक्षा सोडली तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही, हे लक्षात घ्यायचे. अरबी शिकून त्यांनी कुरआन शरीफ मुळातून वाचले, वर्षानुवर्षे त्याचे मनन केले, आणि मगच निवडक आयतांचे ‘कुराण-सार’ सिद्ध केले. सार काढण्याचा अधिकार आधी सगळे वाचणाऱ्याचा, हे एका बिगर-मुसलमान अभ्यासकाने आपल्याच ग्रंथाच्या बाबतीत दाखवून दिले.

रोह्याच्या महाविद्यालयाला आज चिंतामणरावांचे नाव आहे आणि पेणलाही महाविद्यालय आहे. तेथे जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी गाईड जरूर घ्यावे, पण प्रत्येक विषयाला त्याचा उपयोग निराळा असतो हे ओळखावे. इतिहासात आधी प्रकरण वाचावे, मग गाईडमधील प्रश्न घेऊन उत्तर स्वतः लिहावे आणि शेवटी छापील उत्तराशी ताडून पाहावे. हिशेबाच्या विषयात सोडविलेले उदाहरण झाकून ठेवून तेच स्वतः सोडवावे. जेथे अडेल तेवढीच ओळ उघडावी. विज्ञानात आकृती पाहून नव्हे, आठवून काढावी. इंग्रजी कवितेचा सारांश वाचण्यापूर्वी शब्दकोश हाती घेऊन कविता दोनदा वाचावी.

उर्दू माध्यमातून आलेल्यांनी आणखी एक वही ठेवावी. मआशियात म्हणजे अर्थशास्त्र म्हणजे इकॉनॉमिक्स, नबातियात म्हणजे वनस्पतीशास्त्र म्हणजे बॉटनी, अशा तीन रकान्यांत शब्द लिहीत जावेत. पहिल्या वर्षाची निम्मी भीती विषयाची नसून शब्दांची असते. असे गाईड बाजारात मिळत नाही. ते ज्याचे त्यानेच तयार करायचे असते.

पालकांनीही एक गोष्ट करावी. शिक्षण कमी असले तरी ती करता येते. रात्री मुलाजवळ बसून, पुस्तक मिटायला लावून, ‘आज काय वाचलेस ते मला सांग’ एवढेच म्हणावे. जे त्याला समजले असेल ते तो घरच्या बोलीतही सांगू शकेल. नुसते पाठ केले असेल तर दोन वाक्यांत अडखळेल, आणि ते ओळखायला पदवी लागत नाही. ‘इकरा’, वाच, हा आपल्याला मिळालेला पहिला आदेश आहे. आपल्या मुलांनी तो पुऱ्या अर्थाने पाळावा आणि पुढच्या पिढीला अडलेले विचारायला घरातच माणूस मिळावा, हीच सदिच्छा.